काच जपायची कुणासाठी?

लेन्स घेताना दुकानदार हमखास विचारतो, "यूव्ही फिल्टर लावून देऊ ना?" फिल्मच्या काळात त्या फिल्टरला काम होतं. फिल्मला अतिनील किरण जाणवायचे, दूरचे डोंगर निळसर, धूसर यायचे. डिजिटल सेन्सरवर हे किरण अडवायची सोय बहुतेक वेळा आधीच असते. म्हणजे फिल्टर उरला तो चिलखत म्हणून. उडती वाळू, समुद्राचे तुषार असतील तर लावावाच. पण समोर दिवा असला की त्या सपाट काचेवरून उजेड परततो आणि फोटोत भुतासारखे ठिपके उमटतात. काच वाचते, चित्र बिघडतं. तरी वाढदिवसाच्या मेणबत्त्या टिपतानाही आपण तो काढत नाही.

माझा संशय असा, की आपण लेन्सची जुन्या बाजारातली किंमत जपत असतो. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही. गिऱ्हाइकाला मात्र लगेच दिसतो. अजून न भेटलेल्या त्या माणसासाठी आपण स्वतःच्याच वस्तूत भाडेकरूसारखे राहतो. नवेपणाच्या या धाकाला एक गमतीशीर उत्तर इतिहासात आहे. १८९०च्या दशकात हॅरल्ड डेनिस टेलर या इंग्रज लेन्सकाराच्या लक्षात आलं, की काळवंडलेल्या जुन्या काचेतून नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश जातो. आज आपण जीव टाकतो त्या कोटिंगचा एक धागा असा 'खराब' काचेपाशी जातो.

किमतीपोटी जपणं समजतं. मायेपोटी जपणं अवघड. बाबांनी लग्नानंतर घेतलेला फिल्म कॅमेरा रत्नागिरीच्या घरी कपाटात, चामड्याच्या केसमध्ये, 'चांगल्या प्रसंगासाठी' असायचा. कोकणातली दमट हवा, अंधार आणि चामडं. बुरशीला आणखी काय हवं? लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरलेत. बुरशी आम्ल सोडते, ते कोटिंग आणि पुढे काचही खातं. हवाबंद डबा, अधूनमधून तापवून कोरडं केलेलं सिलिका जेल, ५० टक्क्यांच्या आतबाहेर आर्द्रता, एवढ्यानं हे टळतं. आणि वापरानं. बाहेर निघणाऱ्या लेन्सला हवा लागते, उजेड लागतो, कुणाची तरी नजर पडते.

त्या कॅमेऱ्यातून काढलेला आजीचा एकच फोटो आहे, काकाच्या लग्नातल्या गर्दीतला. बाबांना दोष द्यायला जीभ वळत नाही. रोल, धुलाई, प्रिंट, प्रत्येकाला पैसे पडत. त्या पगारात काटकसर हीच माया होती. पण ओसरीवर तांदूळ निवडणारी आजी 'प्रसंग' नाही, हे ठरवलं कुणी? जपण्याच्या नादात आपण कशाला मोल आहे याचाही निवाडा करून टाकतो, आणि तो कपाटाच्या कुलुपाइतका गुपचूप होतो.

दुरुस्तीवाला म्हणाला, बुरशी निघेल, खुणा राहतील. उजेड समोरून आला तर फोटो जरा धुवट येतील. बाबा म्हणाले, मग कशाला खर्च करतोस. रोल मागवलाय. पहिली फ्रेम त्यांचीच काढणार आहे, चहा पिताना.