आईबापांना ठेवावे कोठे?



म्हाताऱ्या आईबापांना वृद्धाश्रमात ठेवणे हे पाप आहे काय? हा प्रश्न आपल्या वस्तीत हल्ली दबक्या आवाजात विचारला जातो. उघडपणे कोणी विचारीत नाही, कारण विचारणाराच दोषी ठरतो. म्हणून तो येथे उघड मांडतो.

माझे वडील १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पिंपरीला आले. भोसरीच्या एका फौंड्रीत रोजंदारीवर त्यांनी आपली उमेदीची वर्षे घालविली. त्यांच्याच मजुरीवर मी पदवीधर झालो, शिक्षक झालो. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला व उजवे अंग गेले. मी शाळेत, पत्नी चाकणच्या कारखान्यात पाळीवर. उशाशी तांब्या व डबा ठेवून आम्ही बाहेरून कुलूप लावीत होतो. "म्हाताऱ्याला घरीच ठेवलंय, पोरगं गुणाचं आहे," असे शेजारी म्हणत आणि मला ते ऐकून बरे वाटे. एके दिवशी संध्याकाळी कुलूप काढले, तर वडील फरशीवर पडलेले; सकाळपासून तसेच! त्या दिवशी मला कळले की मी त्यांना घरात ठेवले नव्हते, कोंडले होते.

वाचकहो, असे कुलूप तुमच्याही दाराला आहे काय?

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो विहारातच होता, आपल्या संघातच होता. तरी त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर निजविले. मग भिक्खूंना त्यांनी बजावले की, ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. यातून काय दिसते? माणूस आपल्या माणसांत असला म्हणजे त्याची काळजी घेतली जाते, असे नाही. जागा कोणती, हा पुढचा प्रश्न. धुणारा हात आहे काय, हा पहिला.

तेथेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध देता यावे. पथ्य काय, कुपथ्य काय हे कळावे. लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने त्याने सेवा करावी. मल, मूत्र, ओकारी, थुंकी काढताना त्याला किळस येऊ नये. आणि धम्माच्या चार गोष्टी सांगून रोग्याचे मन त्याला उभे करता यावे. हे गुण सुनेचे म्हणून सांगितलेले नाहीत, हेही ध्यानात घ्या. 'आम्ही सेवा करतो' असे मुलगा म्हणतो आणि राबते ती सून! समतेची भाषा करणाऱ्या घराला हे शोभत नाही.

हीच पाच गुणांची कसोटी घरालाही लावा आणि संस्थेलाही लावा. मग निवड सोपी होते. म्हातारा हिंडता-फिरता आहे पण एकटा आहे, तर त्याला घर सोडण्याची गरज नाही. त्याला दिवसाची सोबत हवी. महापालिकेची विरंगुळा केंद्रे त्यासाठीच आहेत. अंघोळीला, उठण्या-बसण्याला आधार लागत असेल, तर दिवसाची परिचारिका ठेवावी. साधे वृद्धाश्रम बहुधा स्वतःचे स्वतः करणाऱ्यांनाच घेतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शुश्रूषा केंद्रच हवे. स्मृतिभ्रंश झालेल्याला तो आजार समजणारी माणसे हवीत. कर्करोगाच्या अखेरच्या वेदनांसाठी वारज्यात सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे आणि तेथे पैसे घेत नाहीत.

पैशाचे काय? कामगार विमा असलेल्या कामगाराच्या आश्रित आईबापांनाही वैद्यकीय लाभ मिळतो. आयुष्मान योजनेत २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सर्वांना घेतले आहे; मात्र तो खर्च रुग्णालयाचा आहे, रोजच्या सांभाळाचा नव्हे. २००७ च्या कायद्याने स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईबापांना उपविभागीय न्यायाधिकरणाकडे निर्वाह मागण्याचा हक्क दिला आहे. निराधारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे जणांचा एक तरी वृद्धाश्रम असावा, अशी त्याच कायद्यात तरतूद आहे. ती मागणे ही भीक नव्हे.

मी पाच ठिकाणे पाहिली. एका ठिकाणी बाग होती, गुळगुळीत फरशी होती. पण एक आजी ओल्या कपड्यांत पडून होत्या. सेविका म्हणाली, "बदलायची वेळ दुपारची." मी माघारी फिरलो. म्हणून सांगतो, न कळविता जा, जेवणाच्या वेळी जा. नाकाने पाहा. रात्री कोण जागे असते ते विचारा. पण सर्वांत आधी ज्याला राहावयाचे आहे त्याला विचारा. मी वडिलांना विचारले. ते अडखळत म्हणाले, "कुठं बी ठेव. कुलूप नको."

आज ते एका लहान शुश्रूषा केंद्रात आहेत. माझ्या पगाराचा तिसरा हिस्सा तिकडे जातो. आठवड्यातून तीनदा मी जातो, त्यांची दाढी करतो. परतताना मन खात नाही असे म्हणालो, तर ते खोटे ठरेल. परंतु कुलूप लावून शाळेत शिकविताना ते खात नव्हते, याची मला अधिक लाज वाटते.

बंधुभगिनींनो, आपण श्राद्धपक्ष व पिंडदान सोडण्याची प्रतिज्ञा घेतली आहे. मेल्यानंतर फेडण्याची वाट आपण स्वतः बंद केली आहे. तेव्हा आईबापांचे जे काही फेडावयाचे आहे, ते त्यांच्या डोळ्यांदेखत फेडले पाहिजे. ते घरात फेडा किंवा केंद्रात फेडा. पण तेथे स्वतः हजर राहून फेडा.