जात टिकवायची म्हणजे

पुतणी ऑस्लोहून सुट्टीला आली होती. शेजारणीचा कुत्रा गेला ते सांगताना तिचा आवाज बसला. "काकू, पोट पाण्यानं टम्म, आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. खायचा भरपूर, अंगी काहीच लागत नव्हतं."

लुंडेहुंड जातीचा होता. नॉर्वेच्या वॅरॉय बेटावर, कड्यांच्या कपारीतून पफिन पक्षी ओढून काढायला माणसानं पाळलेली ही जात. एकेका पायाला सहा बोटं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डिस्टेंपरची साथ आली, १९६३ च्या सुमारास पुन्हा. आजचे सगळे लुंडेहुंड तेव्हा वाचलेल्या पाच-सहा कुत्र्यांचे वंशज. त्यांच्यात हे दुखणं फार. आतड्यातल्या लसवाहिन्या फुगतात, फुटतात, आणि रक्तातलं प्रथिन आतड्यात झिरपून वाया जातं. प्रथिन घटलं की रक्तातलं पाणी पोटात उतरतं. स्निग्ध पदार्थ याच वाहिन्यांतून जातात, म्हणून चरबी बंद करतात, स्टेरॉइड देतात. काही दिवस बरे जातात, इतकंच.

ज्यांनी धडपडून ती जात वाचवली त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण वाचवलं काय? जातीला भूक नसते, कळ येत नाही. कळ येते ती एकेका कुत्र्याच्या पोटात. आता तिकडे बुहुंडसारख्या दुसऱ्या जातींशी संकर करून पाहताहेत. "काहींना पटत नाही, काकू. म्हणतात, मग ती जात कसली?"

हे वाक्य मी बेळगावात ऐकलंय! चतुर्थाच्या मुलीला पंचमांचं स्थळ आलं, तेव्हा आमच्या आजेसासूबाई अगदी हेच म्हणाल्या होत्या. (लग्न झालं. दोघं सुखात आहेत.) माणसाची तुलना कुत्र्याशी करायची नाही मला, पण शब्द एकच आहे, त्याला मी काय करू?

न दिसणाऱ्या जिवासाठी आपण पाणी गाळतो. मग ज्याची जोडीच आपण लावली, त्या जिवाच्या दुखण्यात आपला वाटा किती? जन्मूच दिलं नाही तर दया झाली, असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. तो कुत्रा सात वर्षं बर्फात हुंदडला, हेही खरंच की.

शेजारणीनं आता संकराच्या पिल्लासाठी नाव घातलंय म्हणे.

"आणि बोटं सहा नसली तर?" मी विचारलं.

"पाच चालतील म्हणाली."