वादळानंतरची कृतज्ञता

बेथोव्हनच्या १८०८ सालच्या ‘पास्टोरल’ सिंफनीत चौथ्या भागातील वादळ वगळता टिंपनी कोठेही वाजत नाही. वादळ फुटते तेव्हा चेलो पाच स्वर वाजवतात, त्याच अवधीत डबल बास चार. दोहोंचा मेळ बसत नाही आणि कानी पडतो तो केवळ गडगडाट. अनुकरण म्हणून हे अजोड आहे. परंतु निसर्गशक्तीला हेतू नसतो, कलाकृतीला मात्र घाट लागतो. म्हणून वादळ ओसरते व पाचव्या भागात मेंढपाळ कृतज्ञतेचे गीत गातात. कृतज्ञता ही अर्थातच वाचलेल्यांची. वीज पडून मेलेल्याला या घाटात जागा कोठे?

आइसलंडच्या योन लेइफ्सने १९४७ मधील हेक्ला ज्वालामुखीचा उद्रेक पाहिला आणि १९६१ साली ‘हेक्ला’ रचली. तीत दगड, ऐरणी, साखळ्या, तोफाही वाजतात. (ती ऐकणे सुखद आहे, असे मी म्हणणार नाही.) दगडही ठरल्या मात्रेवरच आपटावा लागतो, तेव्हा घाटातून लेइफ्सचीही सुटका नाही. मात्र आभार मानणारा मेंढपाळ त्याने आणला नाही, हे मला अधिक प्रामाणिक वाटते. बेथोव्हनने तर वादळ आणि कृतज्ञता यांमध्ये विरामही ठेवलेला नाही. मृतांची आठवण यावी एवढीही उसंत श्रोत्याला मिळत नाही.