वाईट वाटण्याचा हक्क

दसरा उलटला की मी आठ दिवस जामसरला जाते. जव्हार तालुक्यातलं हे गाव. त्या दिवसांत नागली पिकत आलेली असते, हवेत ओल्या गवताचा वास असतो आणि घराघरांत एकच बोलणं चाललेलं असतं: दिवाळी झाली की कोण कुठे जगायला जाणार. 'कामाला जाणं' असं इथे फारसं कुणी म्हणत नाही, 'जगायला जाणं' म्हणतात. भिवंडीकडच्या, वसईकडच्या वीटभट्ट्या, बांधकामं. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते. मग भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं निघतात आणि दारांना कड्या लागतात.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी शेजारच्या घरातली आजी माझ्या हातात पाच काकड्या ठेवू लागली. तिच्याच छपरावर चढलेल्या वेलाच्या. घरात खाणारी तोंडं किती, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "राहू द्या आजी, तुम्हालाच लागतील." तिचा हात तसाच थांबला. मग ती म्हणाली, "एवढ्या लांबून एकट्या येता बाई. घरी कुणी नाही ना तुमच्या. वाईट वाटलं, म्हणून आणल्या."

मी गप्प झाले. या गावात वाईट वाटून घ्यायचं काम माझं आहे, असं मी इतकी वर्षं मनात धरून होते. त्या बाईला माझं वाईट वाटू शकतं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. काकड्या मी घेतल्या नाहीत, आणि ते मला अजून बोचतं.

त्या रात्री पडवीत जमलेल्या मुलामुलींना मी एक कादंबरी सांगायला घेतली होती. मी निवृत्त शिक्षिका. वाचून दाखवण्यापेक्षा सांगणं मला बरं जमतं. कादंबरी अमेरिकेतली, हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड'. 1960 साली ती प्रसिद्ध झाली, 1961 मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि 1962 मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. वर्णद्वेषावरची कादंबरी म्हटलं की आजही जगभर तिचं नाव निघतं.

गोष्ट 1930 नंतरच्या मंदीच्या दिवसांतली, अलाबामा राज्यातल्या मेकॉम्ब नावाच्या काल्पनिक गावातली. आपलं बालपण आठवून ती सांगते स्काउट नावाची मुलगी. तिचे वडील ॲटिकस फिंच वकील. टॉम रॉबिन्सन या काळ्या शेतमजुरावर मायेला युवेल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप येतो आणि ॲटिकस त्याचं वकीलपत्र चालवतो. टॉमचा डावा हात लहानपणीच कापसातली सरकी काढायच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. मायेलाच्या तोंडावरचे वळ उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा डावखुरा असणार, आणि डावखुरा आहे तिचा दारुडा बाप. सगळं उघड दिसत असतं. तरी बारा गोऱ्या माणसांचे पंच टॉमला दोषी ठरवतात. पुढे तुरुंगातून पळायचा प्रयत्न करताना त्याला गोळ्या घातल्या जातात. अंगावर सतरा जखमा मोजल्या जातात.

हे सारं कल्पनेतूनच आलेलं नव्हतं. 1931 साली याच अलाबामात नऊ काळ्या मुलांवर असाच खोटा आरोप झाला होता आणि गोऱ्या पंचांनी त्यांतल्या आठ जणांना दोषी धरलं होतं. 'स्कॉट्सबरो खटला' म्हणून तो ओळखला जातो. ली यांचा जन्म 1926 चा, अलाबामाचा, आणि वडील वकील. त्या लहान होत्या तेव्हा भोवतालची हवा हीच होती.

या कादंबरीवर आजवर जे बोललं गेलं, त्यातलं बहुतेक ॲटिकसभोवती फिरतं. सज्जन, निर्भय, गावाचा रोष पत्करणारा वकील. तो मुलीला एक शिकवण देतो: माणूस कळायचा असेल तर त्याच्या जागी जाऊन बघावं. शाळांत हीच शिकवण कादंबरीचा गाभा म्हणून शिकवली जाते. मीही मुलांना तसंच सांगत होते. टॉमच्या साक्षीपाशी मात्र मी अडखळले.

सरकारी वकील टॉमला विचारतो, तू त्या मुलीची कामं फुकट का करायचास? टॉम रोज शेतावर जाता-येता तिच्या दारावरून जायचा. ती हाक मारायची आणि तो लाकडं फोडून द्यायचा, पाणी भरून द्यायचा. टॉम सांगतो की घरात तिला मदत करणारं कुणीच नव्हतं, म्हणून त्याला तिचं... इथे मी म्हटलं, "त्याला तिची कीव आली."

बारावी झालेली एक मुलगी लगेच म्हणाली, "कीव नाही बाई. त्याला तिचं वाईट वाटलं."

मी चाळीस वर्षं मराठी शिकवलं, पण हा फरक मला त्या मुलीनं दाखवला. कीव वरून खाली येते. कीव करणारा उंचावर असतो आणि ज्याची कीव करायची तो खाली. वाईट वाटायला मात्र दोघं एकाच जमिनीवर असावी लागतात. टॉमला जे वाटलं ते वाईट वाटणं होतं. कोर्टात बसलेल्या गोऱ्यांनी ऐकली ती कीव. काळ्या माणसानं गोऱ्या बाईची कीव करावी? म्हणजे तो वर आणि ती खाली? बोलून गेल्यावर टॉमलाही आपली चूक कळते, पण तोवर वेळ गेलेली असते. माझ्या लेखी त्याचा निकाल त्या क्षणीच लागला. पुढचे तास पंचांनी फक्त वेळ काढला.

त्या रात्रीपासून ही कादंबरी मला वेगळीच दिसू लागली. दुसऱ्याच्या जागी जाऊन बघ, हे ॲटिकस शिकवतो. पण ते प्रत्यक्षात करतो टॉम. मायेला ही गावातली सर्वांत एकटी मुलगी. कचऱ्याच्या ढिगाशेजारच्या त्या झोपडीत एका कोपऱ्यात सहा फुटक्या भांड्यांत तिनं तांबड्या फुलांची रोपं जपली आहेत. धाकट्या भावंडांना एकदा आइस्क्रीम खायला पाठवता यावं म्हणून ती वर्षभर सात नाणी साठवते. गोरे तिला कचरा समजतात आणि काळे तिच्या रंगाला भितात. ती माणूस आहे, हे रोज रस्त्यानं जाणाऱ्या टॉमला दिसतं. ॲटिकसचा धडा साऱ्या मेकॉम्बमध्ये त्या एकट्यानं आधीच गिरवलेला आहे, आणि तेवढ्याच कारणानं तो मरतो.

मला वाटतं, अन्यायाची मुळं इथे सापडतात. लुटणं, मारणं, हाकलणं ही त्याची वरून दिसणारी फळं. खाली खोलवर एक अलिखित नियम असतो: कुणी कुणासाठी हळहळायचं, हे ठरलेलं असतं. एका बाजूला देणारे, सांत्वन करणारे, डोळे पुसणारे. दुसऱ्या बाजूला घेणारे. घेणाऱ्यानं दिल्याघेतल्याची दिशा बदलली की तो उद्दाम ठरतो. अमेरिकेतल्या वर्णभेदाच्या जिम क्रो कायद्यांनी वेगळे नळ आणि वेगळे डबे ठेवले. या नियमाला तर कायद्याचीही गरज नव्हती.

जव्हार-मोखाड्याचा हा भाग या नियमात घेणाऱ्यांच्या बाजूला उभा आहे. एके काळी जव्हार हे मुकणे घराण्याचं, महादेव कोळ्यांचं संस्थान होतं. आदिवासी राजाचं राज्य इथे शतकानुशतकं नांदलं आणि 1948 मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झालं. पण बाहेरच्या माणसाला जव्हार म्हटल्यावर राजवाडा आठवत नाही, 1992 साल आठवतं. वावर-वांगणीला कुपोषणानं मुलं दगावली आणि महाराष्ट्राचं लक्ष या डोंगरांकडे गेलं. ते जायलाच हवं होतं, त्याशिवाय काही हललं नसतं. पण तेव्हापासून इथल्या माणसाची एकच प्रतिमा आपल्या मनात बसली: हात पसरलेल्याची. आपण कॅमेरा, वह्या, ब्लँकेटं घेऊन येतो आणि इथून हळहळ घेऊन परत जातो. त्या आजीच्या काकड्या नाकारताना माझ्या मनात हीच प्रतिमा होती. माझ्या नकारात सौजन्य होतं, आणि त्या सौजन्याच्या पोटात मेकॉम्बचं कोर्ट होतं.

इथून फार लांब नाही असं तलवाडा आहे, आज विक्रमगड तालुक्यात. तिथल्या गोष्टीत ॲटिकससारखीच कायदा शिकलेली एक बाई आहे, गोदावरी परुळेकर. या भागातल्या वारली आदिवासींत काम करायला त्या आल्या तेव्हा वेठबिगार आणि लग्नगडी या दोन फासांत माणसं अडकली होती. लग्नासाठी कर्ज घ्यायचं आणि नवराबायकोनं सावकाराच्या घरी राबून ते फेडायचं, की लग्नगडी झाला. 23 मे 1945 ला तलासरीजवळच्या झरी इथल्या परिषदेत वारल्यांनी वेठ करणार नाही असं ठरवलं. बाईंनी कोर्टात त्यांची बाजू मांडली आणि ते सुटले, असं झालं नाही. माणसं स्वतः 'नाही' म्हणाली.

त्या पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. तेव्हा जमीनदारांनी आवई उठवली की तलवाड्याला बाईंच्या जिवाला धोका आहे. वारली लाठ्याकाठ्या घेऊन धावले. कशासाठी? त्यांच्या गोदाराणीला वाचवण्यासाठी. 10 ऑक्टोबर 1945 ला त्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले.

आवई उठवणाऱ्यांना या माणसांचं मन नेमकं ठाऊक होतं. आपल्यासाठी झटणारी बाई संकटात आहे, असं नुसतं कळलं तर हे लोक धावतील, हे त्यांनी ओळखलं होतं. जेठ्या गांगड आणि टॉम रॉबिन्सन यांच्यातला एक धागा मला इथे दिसतो. दोघंही दुसऱ्यासाठी वाटलेल्या काळजीपायी गेले. 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात गोदावरीबाईंनी हा सगळा काळ लिहिला. 1970 साली ते प्रसिद्ध झालं आणि 1972 मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या नावातला 'माणूस' हा शब्द मी आता निराळा वाचते. हक्क मागणारा माणूस तर त्यात आहेच, दुसऱ्याची काळजी वाहणारा माणूसही आहे.

हार्पर ली यांच्या कादंबरीची मर्यादाही इथेच आहे. टॉम आपल्याला जवळजवळ फक्त साक्षीच्या पिंजऱ्यात भेटतो. त्याचं घर, त्याचं हसणं, लेकरांशी बोलणं आपल्याला दिसत नाही. आपण सारं बघतो ते एका गोऱ्या मुलीच्या डोळ्यांनी. तिच्या घरात स्वयंपाक करणारी, तिला वाढवणारी कॅलपर्निया तिला आपल्या चर्चमध्ये नेते, तेव्हा स्काउटला प्रथमच कळतं की ही बाई दोन भाषा बोलते, मालकाच्या घरी एक आणि आपल्या माणसांत दुसरी. त्या चर्चमध्ये वाचता येणारी चारच माणसं. म्हणून तिचा मुलगा एकेक ओळ वाचतो आणि सगळे ती गातात. हे सांगितलं तेव्हा पडवीतली मुलं हसली. वारल्यांच्या लग्नात लग्न लावणारी धवलेरी गाते, बायका तिच्या मागून गातात, ते त्यांना आठवलं. आणि दोन भाषा? आश्रमशाळेत एक, घरी एक, हे तर त्यांचं रोजचं जगणं. कॅलपर्निया मुलांना जेवढी कळली, तेवढी स्काउटला कळली का, याची मला शंका आहे.

याउलट अण्णा भाऊ साठे यांचा 'फकिरा'. 1959 ची, म्हणजे 'मॉकिंगबर्ड'च्या एकच वर्ष आधीची ही कादंबरी. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेल्या आणि शाळा जवळजवळ न पाहिलेल्या लेखकानं ती लिहिली. इंग्रजी अमलानं ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवून हजेरी लावली, त्यांच्यातला हा नायक. दुष्काळात माणसं मरू लागतात तेव्हा फकिरा कुणाच्या दारात उभा राहत नाही. तो धान्य लुटतो आणि उपाशी माणसांत वाटतो. कायद्याच्या लेखी तो दरोडेखोर. पण कादंबरीत सर्वांत मोठं काळीज त्याचंच आहे. दुसऱ्याची भूक बघून ज्याच्या पोटात कालवतं, असा माणूस अण्णा भाऊंनी खालच्या म्हटल्या जाणाऱ्या वस्तीतून उभा केला. मेकॉम्बच्या कोर्टात टॉमला जे नाकारलं गेलं, ते फकिराला त्याच्या लेखकानं मुक्तपणे दिलं.

आणि त्याही आधीचं एक उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. 1873 साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, काळ्यांना दास्यातून सोडवण्याच्या कामात त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. ज्याच्या समाजाला शतकानुशतकं खाली ठेवलं गेलं, तो माणूस समुद्रापलीकडच्या अनोळखी लोकांना दाद देतो. हा मोठा मान त्यांनी स्वतःकडे घेतला, कुणाला विचारून नव्हे.

म्हणून अन्यायावरची कादंबरी वाचताना मी आता एक प्रश्न मनात ठेवते. यात ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला दुसऱ्याबद्दल काही वाटू दिलंय का? की त्याला नुसतं सोसायला ठेवलंय? 'मॉकिंगबर्ड' या कसोटीवर अर्धी उतरते. तिनं टॉमला फार थोडा वेळ दिला. पण त्या थोड्या वेळात त्याच्या तोंडी ते एक वाक्य दिलं आणि त्याची किंमत काय पडते तेही दाखवलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ॲटिकसच्या स्वयंपाकघरात काळ्या वस्तीतून आलेल्या खाण्याच्या जिनसांचा ढीग लागलेला असतो. ॲटिकसचे डोळे भरून येतात. मी आभारी आहे म्हणून कळव, असं तो कॅलपर्नियाला सांगतो, आणि पुन्हा असं करू नका, दिवस कठीण आहेत, हेही. सज्जन माणूस, पण ते देणं त्यालाही जड जातं. त्याचं ते बोलणं मी कितीदा वाचलं होतं. जामसरला मात्र ते माझ्याच तोंडून बाहेर पडलं होतं.

गेल्या वर्षी आजी पुन्हा काकड्या घेऊन आली. मी पदर पुढे केला. एक तिथेच मीठ लावून खाल्ली. ती समाधानानं बघत बसली. मग तिनं विचारलं, "त्या टॉमच्या बायकोचं पुढं काय झालं?"

पडवीच्या अंधारात बसून तिनंही सगळी गोष्ट ऐकली होती, हे मला तेव्हा कळलं. चाळीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला हेलनबद्दल विचारलं नव्हतं. मी सांगितलं, टॉमच्या मालकानं तिला कामावर घेतलं. पण रस्त्यात त्या दारुड्याचं घर लागायचं, ती माणसं तिला त्रास द्यायची. म्हणून ती मैलभर वळसा घालून कामावर जायची.

आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लेकरं घेऊन एवढं चालायचं. बिचारी." तिच्याच घरच्यांनी दिवाळीनंतर निघण्यासाठी बांधून ठेवलेलं बोचकं दाराशी होतं.