मेंढरं बसलेलं रान

महाराष्ट्राच्या पावसाच्या नकाशावर धनगरांच्या वस्त्या मांडून पाहाव्यात. माण, खटाव, जत अशा कमी पावसाच्या पट्ट्यात मेंढ्या पाळणारे हटकर दिसतात, तर सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार पावसात म्हशी राखणारे गवळी धनगर. मेंढीला सततची ओल सोसत नाही, तिचे खूर कुजतात. म्हशीला चिखलाचं काहीच वाटत नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ साली गवळी धनगरांवर एक निबंध लिहिला. खालची खाचरं आणि उतार कुणब्यांचे, वरचे माथे गवळ्यांचे, ही वाटणी त्यात नीट उलगडली आहे. लोणी खाली यायचं, धान्य वर जायचं. डोंगर एकच, पण एकाचं पोट दुसऱ्याच्या आड येत नव्हतं.

माणसाच्या संस्कृतीची वाटचाल म्हटलं की आपल्या मनात अजूनही एक शिडी उभी राहते: आधी शिकार, मग गुरं, मग शेती, मग नगर. मानववंशशास्त्रज्ञ लुईस हेन्री मॉर्गनने १८७७ साली रानटीपणापासून सुसंस्कृतपणापर्यंत अशा पायऱ्या मांडल्या. अभ्यासकांनी ती शिडी केव्हाच बाजूला ठेवली, तरी आपल्या पाठ्यपुस्तकी समजुतीत ती टिकून आहे. त्या हिशोबाने धनगर म्हणजे शेतीच्या आधीच्या पायरीवर राहून गेलेला माणूस. हे मला साफ चुकीचं वाटतं, आणि ते का, हे वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या मुक्कामावर, एक संध्याकाळ काढली तरी कळतं.

बाजरी निघालेल्या रानात वाडा उतरला होता. खुंट ठोकून वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, ताणलेली, आत मेंढरं दाटीने उभी. कारभारीण एकेक कोकरू उचलून त्याच्या आईला लावत होती. एक पहिलटकरीण मेंढी पिलाला पाजेना, तर बाईने तिचा पाय गुडघ्यांत धरला, कोकराचं तोंड सडाला लावलं, आणि त्याच वेळी चुलीवरच्या भाकरीकडेही तिची नजर होती. पलीकडे शेतकरी आणि मेंढका बोलत होते. "उद्या वाघूर बांधाकडं सरकवा, तिकडचं रान राह्यलं," शेतकरी म्हणाला. "सरकवतो की, पण रातीचं ठरलंय तेवढं द्या," मेंढका म्हणाला. पूर्वी असं रातभर मेंढरं बसवण्याचा मोबदला ज्वारीत मिळे, आता बहुधा रोख मिळतो. रोज वाघूर हलवायची, म्हणजे लेंड्या आणि मूत साऱ्या रानात सारखं पडतं.

त्या बोलण्यात मॉर्गनची शिडी कुठेच बसत नाही. कापणीनंतरचं रान नसेल तर उन्हाळ्यापर्यंत कळप जगवणं कठीण. आणि मेंढरं बसली नाहीत तर कोरडवाहू रानाला खत कुठलं? इथे मेंढपाळी शेतीच्या मागे राहिलेली नाही, ती शेतीबरोबरच वाढली आहे. हीच जोडी दैवतातही दिसते: जेजुरीच्या खंडोबाला म्हाळसा ही वाण्याची आणि बाणाई ही धनगराची, अशा दोन मुख्य बायका आहेत. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या आणि दैवतं यांचा मागोवा घेताना भटका आणि स्थिर समाज यांचं हे नातं फार जिव्हाळ्याने पाहिलं.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी जातीबद्दल जे सांगितलं तेही इथे आठवतं. एक मूळ जात फुटून पोटजाती झाल्या, हा समज त्यांनी नाकारला. कुंभारांत थोरचाके आणि लहानचाके आहेत; चाक वेगळं, घडवायची रीत वेगळी, सोयरीकही वेगळी. असे मुळात निराळे गट एका नावाखाली शेजारी-शेजारी आले, असं त्यांचं म्हणणं. धनगर या नावाखालीही मेंढ्या राखणारे, लोकर विणणारे खुटेकर, म्हशीवाले गवळी, मटण विकणारे खाटीक असे गट आहेत. जुन्याला न मोडता नव्याला शेजारी जागा करून देणं, ही आपल्याकडच्या संस्कृतीची चाल त्यात दिसते. मात्र ही जागा उतरंडीत मिळत असे, आणि खालच्या पायरीवरच्यांनी त्याची किंमत मोजली, हे विसरून तिचं कौतुक करता येणार नाही.

आता हलतं आहे ते शेजारचं रान. कालव्याचं पाणी आलं, ऊस उभा राहिला, की मेंढरांना उतरायला मोकळी जमीन मिळत नाही. रासायनिक खताची गोणी दुकानात मिळते. काळ्या दख्खनी मेंढीच्या लोकरीला भाव नाही, कातरणीची मजुरीही सुटत नाही; म्हणून मटणाच्या बाजारासाठी वाकड्या नाकाच्या, कमी लोकरीच्या माडग्याळ मेंढीला मागणी वाढली. घोंगडं विणणाऱ्या खुटेकराचा माग त्यामुळे थंडावला. ज्या मेंढक्याला आपण परंपरेला चिकटून बसलेला म्हणतो, त्याने कळपाची जातसुद्धा बदलून टाकली आहे. तेव्हा परंपरा मरते आहे असं म्हणून हळहळण्याआधी, तिच्याशी केलेला करार कुणी मोडला ते पाहायला हवं, आणि त्यासाठी अभ्यासकाने वाड्याइतकाच वेळ बांधावर आणि साखर कारखान्याच्या दारात काढायला हवा.

सगळ्यात खोल बदल मात्र लग्नाच्या बैठकीत होतो आहे. ज्या सोयरिकीवर कर्व्यांनी गटांची ओळख उभी केली, तिथेच आता मुलीचे वडील विचारतात, "घर बांधलंय का? मुलगा मेंढरामागं फिरतो का?" स्वतः आयुष्यभर फिरलेला बापही लेकीला वाड्यावर द्यायला राजी नसतो. मुलींनाही ते नको असतं, आणि उघड्या रानात बाळंतपणं काढलेल्या आया त्यांच्याच बाजूने बोलतात.