कुंडलिकेच्या दोन काठांवर

रेवदंड्याचा रस्ता किल्ल्याच्या तटातूनच गावात शिरतो. पोर्तुगिजांच्या या तटाआड आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि सातखणी मनोऱ्याचे उरलेले खण त्या वाड्यांच्या वर उभे आहेत. १७४० मध्ये चौल-रेवदंडा-कोर्लई मराठ्यांकडे आलं, इथली पोर्तुगीज सत्ता संपली. एवढंच पाहिलं तर वाटेल, संस्कृती राज्याबरोबर येते आणि राज्याबरोबर जाते. कुंडलिकेची खाडी ओलांडून कोर्लईला गेलं की हा समज टिकत नाही.

कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी एक ख्रिस्ती वस्ती आहे. तिथे घराघरांत आजही पोर्तुगिजातून घडलेली बोली बोलतात. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. गंमत म्हणजे या बोलीतले शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठी. पोर्तुगिजात क्रियापद वाक्याच्या मध्ये येतं, कोर्लईत ते आपल्यासारखं शेवटी जातं. पगार, चावी, बटाटा असे शब्द आपणही पोर्तुगिजांकडून घेतले, ते घेणं सोपं. वाक्याची चालच बदलायची तर शेजाऱ्यांबरोबर पिढ्यान् पिढ्या राहावं लागतं.

खाडीच्या अलीकडे नेमकं उलटं घडलं. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून आपले पूर्वज इथे आले, अशी बेने इस्रायल या यहुदी समाजाची परंपरा आहे. त्यांची हिब्रू गेली, मराठी मायबोली झाली, आडनावं किहीमकर, रोहेकर, दिवेकर झाली. तेलाचा घाणा चालवणारी ही माणसं शनिवारी मात्र घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. सुंता राहिली, खाण्याचे नियम राहिले. त्यांच्या मलिदा या विधीचं ताट पाहावं: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. सगळं कोकणच्या स्वयंपाकघरातलं. त्यावरची प्रार्थना हिब्रू, आणि आळवणी एलियाहू नबीची.

संस्कृतीचे घटक शाळेत आपण यादीसारखे पाठ करतो: भाषा, धर्म, आहार, पोशाख, नाती, व्यवसाय. यादीमुळे वाटतं की हे सगळे एकाच वेगाने बदलतात. तसं होत नाही. तेल विकायचं तर गिऱ्हाइकाची भाषा हवी, म्हणून हिब्रू सुटली. शनिवारी काम न करायला मात्र कुणाची परवानगी लागत नव्हती. कोर्लईत लग्नं वस्तीतच होत राहिली, म्हणून घरातली बोली घरातच राहिली. जे घटक रोजच्या घरव्यवहारावर उभे असतात, ते राजवटींपेक्षा जास्त टिकतात, असं माझं मत आहे.

गेलेलं परतही येतं, पण वेगळ्या वाटेने. १८३२ मध्ये मुंबईत जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. आपल्याच धर्माची भाषा बेने इस्रायलांच्या हाती आली ती मायबोली मराठीतून. पुढे त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले. तिथे त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली, आणि १९६४ मध्ये ते पूर्ण यहुदी असल्याचं मान्य करून घेण्यासाठी त्यांना लढावं लागलं. त्याच इस्रायलमधून त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं.

म्हणून शुद्ध संस्कृतीचा आग्रह मला निराधार वाटतो. पण सगळं बदलतंच, मग हळहळ कशाला, हेही मला पटत नाही. कोर्लईची मुलं मराठी शाळेत जातात, नोकरीसाठी बाहेर पडतात, तसा त्या बोलीचा घरातला आधार कमी होतो. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सगळ्यांनी केला. कोर्लईची बोली याच भाषेच्या शेजारात घडली आहे. तिच्यातली गाणी, गोष्टी, म्हणी नोंदवण्याचं काम कोर्लईकरांना सोबत घेऊन मराठी संस्थांनी आणि विद्यापीठांनी अंगावर घ्यावं, आणि ते आजची म्हातारी माणसं हयात असतानाच व्हावं.