निघताना चुटपुट कशाची?

परदेशातला मुक्काम संपत आला की मन आपोआप निवड करायला लागतं. पहिल्या आठवड्यात ज्यानं डोळे दिपले, त्याचं मग काही वाटेनासं होतं. लेकीकडे, मुलाकडे सिंगापूरला राहून रत्नागिरीला परतणाऱ्या माझ्या वयाच्या बायकांशी बोलताना उंच हॉटेलांचा विषय क्वचितच निघतो. ‘तिथं एकटीला बाहेर पडता यायचं,’ हे मात्र बहुतेकींच्या तोंडी असतं. बॅगा भरताना मलाही याच एका गोष्टीची हुरहूर लागली.

लेकीच्या इमारतीतून खाली उतरलं की डोक्यावर छप्पर सुरू होतं. ते बसथांब्यापर्यंत आणि तिथून मेट्रो स्टेशनपर्यंत सोबत करतं. दुपारी अंधारून येतं, धो धो सर कोसळते, तरी चाकांच्या आधारानं चालणाऱ्या आजी त्या आधारालाच भाजीची पिशवी अडकवून आपल्या चालीनं चालत राहतात. पायरी यावी अशा जागी उतार केलेला असतो. झाकण नसलेलं गटार नाही, आडवी लावलेली मोटारसायकल नाही. कुणाचा हात धरावा लागत नाही, कुणाची वाट बघावी लागत नाही. मेट्रो स्टेशनपासून ४०० मीटरच्या आतल्या शाळा, दवाखाने आणि वस्त्या अशा छपरांनी जोडायचं काम तिथल्या सरकारनं २०१३ पासून नेटानं केलं.

यावर आपल्याकडे एक उत्तर तयार असतं : त्यांच्याकडे पैसा आहे, देश एवढासा, आणि शिस्त त्यांच्या अंगातच आहे. मला हे पटत नाही. रस्त्याकडेच्या प्रत्येक घरानं दर्शनी बाजूला सलग, छप्पर असलेली वाट सगळ्यांसाठी मोकळी ठेवावी, असा नियम तिथं १८२२ च्या नगररचनेत झाला. ईस्ट इंडिया कंपनीची वखार तिथं सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. श्रीमंती पुढे यायची होती. त्याच कंपनीचा अंमल १८१८ पासून आपल्या किनाऱ्यावरही होता. आणि शिस्तीचं म्हणाल, तर त्या वाटांवर दुकानदारांनी माल मांडून ठेवला होता, आणि १८८८ मध्ये त्या मोकळ्या करायला गेल्यावर शहरात दंगल उसळली. म्हणजे माणसं सगळीकडे सारखीच. फरक पडला तो नियम पुन्हा पुन्हा लावून धरल्यामुळे.

तिथलं सगळंच गोड मानून घेण्याचं कारण नाही. ती छपरं उभारणारे तमिळ आणि बांगलादेशी मजूर संध्याकाळी ट्रकच्या हौद्यात दाटीवाटीनं बसून मुक्कामाला जातात, तेही मी पाहिलं आहे.

पण चालणाऱ्याची वाट ही काही आपल्याला परकी गोष्ट नव्हे. कोकणात पाखाड्या आहेत. सड्यावरून आळीत उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही अंगांना गडगे, वर आंब्या-फणसाची सावली. शिमग्यात पालखी घरोघर येते ती याच वाटांनी. गणपती डोक्यावर घेऊन माणसं उतरतात तीही इथूनच. पायरीची उंची बघा : डोक्यावर ओझं घेतलेल्या बाईच्या पावलाला जमेल इतकीच ती ठेवलेली असते. हे कुणा इंजिनिअरनं शिकवलेलं नव्हतं. सगळ्यांसाठी म्हणून काही उभारायची रीतही इथं जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं.

आता गाडी दारापर्यंत यावी म्हणून पाखाडी फोडतात आणि तिथं काँक्रीटचा घसरडा उतार ओततात. आजारी माणसासाठी गाडी दारात यायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण चालणाऱ्यासाठी बाजूला चार पायऱ्या आणि एक कठडा ठेवावा, हे कुणाच्या मनातही येत नाही. शहरात मारुती मंदिरापासून राम आळीपर्यंत भर जुलैत चालत जाऊन बघा. सिंगापूरचा पाऊस वर्षभरात मिळून २,००० मिलिमीटरच्या थोडा वर जातो. आपल्याकडे बहुतेक चार महिन्यांतच ३,००० च्या वर पडतो. छपराची गरज खरी कुणाला जास्त आहे? पावसाळाभर कितीतरी वयस्क बायका देवळात जात नाहीत, वाचनालयात जात नाहीत, मैत्रिणीकडे जात नाहीत. घरच्यांना वाटतं, वय झालं. खरं तर पाय अजून धड असतात, वाट धड नसते.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फुटपाथ हा पादचाऱ्यांच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं आहे. तेव्हा यापुढे मत मागायला कुणी दारात आलं, तर त्यांना चहा द्या, आणि मग आपल्या दारापासून बाजारापर्यंत, भर पावसात, छत्री धरून सोबत चालायला लावा. वाटेतली एखादी जुनी पाखाडी शाबूत असेल, तर ती फोडणार नाही हा शब्द तिथंच उभं राहून घ्या.